जयाजीराव शिंदे आणि जयविलासची झुंबरे

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील दरबार-दिवाणखान्यात दोन प्रचंड बिल्लोरी झुंबरे टांगलेली आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन सांगतात. छताला हा भार पेलेल की नाही, हे पाहण्यासाठी आधी त्यावर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका आहे. हत्ती आठ की दहा, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. तो वाद येथे नको. ज्या राजाने ही झुंबरे टांगविली, त्याला ती कशासाठी हवी होती, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

शिंदे घराणे मूळचे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव निपुत्रिक वारले आणि अल्पवयीन ताराबाईंनी आठ-नऊ वर्षांच्या भागीरथरावास दत्तक घेतले. तेच जयाजीराव. त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि राज्याची खरी सूत्रे रेसिडेंटाच्या हाती गेली.

१८५७ साली दिवाण दिनकरराव राजवाडे यांच्या सल्ल्याने जयाजीराव इंग्रजांच्या पक्षास राहिले. १ जून १८५८ रोजी ते मुरारपाशी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी यांच्यावर चालून गेले. परंतु त्यांचेच शिपाई शत्रूस मिळाले आणि महाराजांना आग्र्याकडे पळावे लागले. तीन आठवड्यांच्या आतच राणी धारातीर्थी पडली, इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतले आणि महाराज पुन्हा गादीवर बसले. मराठी मनाने याबद्दल त्यांना कधी पुरती क्षमा केली नाही. मात्र या निष्ठेचे फळ त्यांना काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रज फौजेने स्वतःकडेच ठेवून घेतला.

त्याच किल्ल्याच्या पायथ्याच्या शहरात १८७४ मध्ये जयविलास पुरा झाला. शिंद्यांच्याच चाकरीतील, इटालियन वंशाचे मायकेल फिलोज हे त्याचे शिल्पकार. दरबार-दिवाणखाना शंभर फूट लांब व पन्नास फूट रुंद. भिंतींवर सोन्याचे काम. अशा झुंबरांच्या काचेत शिशाचा अंश असतो. त्यामुळे ती जड होते, पण पैलू पाडलेल्या लोलकांतून सप्तरंगही त्यामुळेच अधिक फुटतात. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स ग्वाल्हेरीस आले, तेव्हा त्यांचा मुक्काम याच महालात झाला. ज्यांचे सैन्य आपल्या किल्ल्यावर बसले आहे, त्यांच्याच युवराजासमोर हा थाट मांडण्यात केवळ खुशामत होती, असे मला वाटत नाही. तोफा आणि पलटणी यांवर मर्यादा आलेल्या राजाला आपले राजेपण दाखविण्यास दिवाणखानाच काय तो मोकळा उरला होता. हद्दू खाँसारख्या गवयांना त्यांनी जो आश्रय दिला, तोही याच दृष्टीने पाहता येईल. अर्थात त्यांची गाण्याची आवड खरी होती.

किल्ल्याचा ध्यास मात्र सुटला नाही. अखेर १८८६ मध्ये झाशी शहर आणि वर पंधरा लाख रुपये देऊन त्यांनी तो परत मिळविला. त्याच वर्षी २० जूनला जयाजीराव मरण पावले. किल्ल्यावर फडकणारे आपले निशाण महालातून पाहण्यास त्यांना काही महिनेच लाभले.