पंधरा वर्षं थांबलेला फुरिअर

एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री अख्खं होस्टेल ज्याच्या नावाने बोटं मोडतं, तो फुरिअर स्वतः किती रखडला होता, ठाऊक आहे?

जोसेफ फुरिअरचा जन्म 1768 साली फ्रान्समधल्या ओसेर गावी, एका शिंप्याच्या घरी झाला. लहानपणीच आई-वडील गेले. गावातल्या सैनिकी शाळेत त्याला गणिताचं वेड लागलं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 मध्ये त्याला अटक झाली. रोबेस्पिएरची सत्ता कोसळली म्हणून सुटला. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परतल्यावर ग्रेनोबलला प्रशासक झाला, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखं पद. रस्ते बांधणं, दलदल उपसणं ही कामं सांभाळून तो धातूतून उष्णता कशी वाहते, याचा अभ्यास करायचा.

1807 मध्ये त्याने पॅरिसला निबंध सादर केला. म्हणणं असं, की कितीही वेडीवाकडी लहर साध्या साईन-कोसाईन लहरींच्या बेरजेने मांडता येते. लाग्रांजसारख्या बुजुर्गाला ते पटेना. कोपरे असलेला आलेख गुळगुळीत लहरींतून कसा तयार होणार? निबंध छापलाच नाही. 1811 मध्ये पुन्हा पाठवला. बक्षीस मिळालं, पण सिद्धता कच्ची आहे असा शेराही मिळाला. गडी हटला नाही. 1822 मध्ये त्याने सरळ पुस्तक काढलं. ही बेरीज कधी जुळते याच्या अटी डिरिक्लेने 1829 मध्ये सिद्ध केल्या आणि पुढच्याच वर्षी फुरिअर वारला.

एसी सप्लाय त्याने पाहिलाही नाही, पण आपलं काम त्याच्यावाचून अडतं. समजा, 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला 50 हर्ट्झचे 230 व्होल्ट दिलेत आणि त्यात 250 हर्ट्झचे 23 व्होल्ट मिसळलेत. (वारंवारता म्हणायला हवं, पण मी कॉन्व्हेंटवाली, फ्रिक्वेन्सीच म्हणते!) दोन्ही फ्रिक्वेन्सींचा करंट वेगवेगळा काढायचा. 2πfCV ने पहिला येतो 0.72 अँपिअर, दुसरा 0.36. म्हणजे व्होल्टेज दहा टक्केच, पण करंट निम्मा! कारण फ्रिक्वेन्सी पाचपट झाली की कपॅसिटरचा विरोध एक-पंचमांश होतो. एकूण आरएमएस करंटसाठी नुसती बेरीज चालत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. उत्तर 0.81 अँपिअर.

आता गंमत बघा. एकूण व्होल्टेज 230 चं जेमतेम 231 होतं, पण करंट 12 टक्के वाढतो. नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबणाऱ्याला काहीच कळत नाही आणि कारखान्यातले पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर मात्र तापून लवकर खराब होतात.

हे आधीच मोजता येतं, कारण ग्रेनोबलच्या एका सरकारी माणसाने नकार आल्यावर आपले कागद फाडून टाकले नाहीत. केटी लागलेल्या माझ्या दोस्तांनो, एवढं लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी फुरिअरला शिव्या जरा कमी घाला!