पंडिता रमाबाई आणि अधिकाराचा प्रश्न

वर्ध्याला पुण्याची गाडी पकडली की दौंड सोडल्यावर, पुण्याच्या अलीकडे, केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. आपल्याकडच्या गाड्या बहुधा तेथे थांबत नाहीत. सावंगीहून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पाटीकडे मान वळवून पाहिले असेल, कोण जाणे! याच केडगावात पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची सुमारे पंचवीस वर्षे काढली. रमाबाई म्हटले की शारदासदन, विधवांची दुःखे आणि ‘केसरी’ने उठवलेले वादळ एवढे आपल्याला आठवते. ख्रिस्ती झाल्यामुळे स्वजनांनी त्यांना दूर लोटले, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ज्या धर्मात त्या गेल्या त्या धर्मातील अधिकाऱ्यांशीही त्यांना झगडावे लागले, ही हकीगत सहसा कोणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे, रानात बांधलेल्या घरात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवण्याचा ‘अपराध’ त्यांनी केला आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. त्या माउलीने पुढे आपल्या लेकीला शिकवले. पहाटेच्या अंधारात आईच्या मांडीशी बसून पाठ केलेले हजारो श्लोक हीच रमाबाईंची शाळा! मात्र एवढ्या धीट पित्यानेही मुलीला वेद शिकवले नाहीत. पुराणे चालतील, काव्य चालेल, व्याकरण चालेल, वेद नाही.

पुढे दुष्काळ आला. देशोदेशी पायी हिंडत पुराण सांगणाऱ्या या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. थोड्या अवधीत वडील, आई आणि बहीण गेली. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ती सभा पुरुषांची होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाचा ग्रंथ ठेवला आणि तो वाचायला सांगितले. रमाबाई प्रथम बिचकल्या. पण त्यांनी वाचले आणि बायकांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रेही चाळली. निरनिराळ्या ग्रंथांची मते हजार बाबतींत भिन्न. पण स्त्री ही हीन आणि शूद्राप्रमाणे वेदाला अनधिकारी, यावर मात्र सर्वांचे एकमत, असे त्यांना आढळले. हा काटा त्यांच्या मनात कायमचा रुतला.

मधल्या घटना भराभर सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पतीही गेले. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये चिमुकल्या मुलीसह त्या विलायतेला गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण राहून गेले.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या होत्या. लंडनमध्ये या भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांना आश्रय देत व माणसांत आणीत. ते पाहून रमाबाई हेलावून गेल्या. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू खऱ्या उपासनेविषयी बोलतो, ती कथा त्यांना तेव्हाच भेटली. मनुष्य आणि ईश्वर यांच्यामध्ये जात नाही, स्थळ नाही, लिंग नाही असा अर्थ त्यांनी त्यातून घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

आता खरी गोष्ट सुरू होते. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवीत होत्या. १८८५ मध्ये, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही हिंदी भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली. प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यात काही वावगे दिसेना. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना मात्र धास्ती वाटली. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचे मत घेण्यात आले, आणि ते प्रतिकूल पडले. बाईने पुरुषांना शिकवले हे हिंदुस्थानात कळले तर तेथे तिची प्रतिष्ठा राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद!

वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. कलकत्त्यातील शास्त्र्यांसमोर जी बाई बोलली, तिला हिंदी लोकांच्या नावाने गप्प बसवण्यात येत होते. रमाबाईंनी स्पष्ट कळवले की आपण मायदेशी पुरुषांच्या सभांतून बोललो आहोत आणि कोणाच्या सांगण्यावरून हे स्वातंत्र्य सोडणार नाही. वाद तेथेच थांबला नाही. त्रैक्याचे तत्त्व त्यांच्या बुद्धीला पटेना. बिशपांनी सांगितले म्हणून ते मानावे, हे तर त्याहून पटेना. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस त्यांना नको होता, संस्कृत अक्षरांचा चालला असता. एका न समजणाऱ्या पवित्र भाषेच्या जाचातून सुटून दुसरीच्या दावणीला का बांधून घ्यावे? गंमत अशी की ज्यांच्याशी हे पत्रयुद्ध चालले, त्या जेराल्डीनना त्या ‘आजीबाई’ म्हणत. माया होती, आज्ञापालन नव्हते.

या वादात रमाबाईंनी पाळकपदाची मागणी केली नाही, हे खरे. त्या काळी ती कोणाच्या स्वप्नातही नसावी. पण स्त्रीला धर्म कळतो की नाही आणि कळत असेल तर तो सांगण्याचा अधिकार तिला कोणी द्यायचा, हा मूळ प्रश्न त्यांनी बिशपांच्या दारात नेऊन ठेवला.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथे मदत मिळवून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करण्यात येते असा गिल्ला झाला आणि रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. मुलींवर सक्ती नाही, माझ्या प्रार्थनेचे दार उघडे असते एवढेच, असे रमाबाईंचे म्हणणे. मला ते अपुरे वाटते. स्वतः विलायतेत वडीलधाऱ्यांच्या मायेचा दाब अनुभवलेल्या बाईंना, आश्रित मुलीवर आपल्या मायेचाही दाब पडतो, हे उमगायला हवे होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात मोडत होता. लहानपणी स्वतः उपाशी हिंडलेल्या रमाबाईंनी शेकडो भुकेल्या मुली केडगावच्या माळावर नेल्या. तेच मुक्तिसदन. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ २००० स्त्रिया आणि मुले होती. विहिरी, शेती, गोठा, विणकाम, छापखाना, सारा कारभार बायकांच्या हाती. भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले, पण ते कोणा एका पंथाच्या ताब्यात दिले नाही. १९०५ पासून मुलींच्या टोळ्या खेडोपाडी जाऊन धर्म सांगू लागल्या. बाप्तिस्मा देण्यासाठी बाहेरून पुरुष पाळक बोलवावे लागत. पण प्रार्थना, प्रवचन आणि शिकवणे यांसाठी कोणाची वाट पाहावी लागत नसे.

सर्वांत मोठे काम याच काळातले. आधीचे मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. एके काळी दाणापाण्याला मोताद असलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, छपाई केली. वेद वाचायला बिचकलेली मुलगी आता एका धर्मग्रंथाचा शब्द न् शब्द ठरवीत होती! २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या ३२ स्त्रियांना १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल येथे धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि २०१५ मध्ये पहिली स्त्री बिशप झाली. आपल्या देशात दक्षिण भारतीय चर्चने त्याआधीच, २०१३ मध्ये, नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केले. रोमन कॅथलिक पंथात ते दार अद्याप बंद आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात ३० एप्रिल हा आता पंडिता रमाबाईंचा स्मरणदिन आहे. नावापुढे ओळख दिली आहे ती धर्मग्रंथाची भाषांतरकार अशी. चेल्टनहॅमच्या वादाला तेथे अर्थातच जागा नाही.