६०० पौंडांचं सेकंड हँड विमान आणि स्वतःच मेकॅनिक असलेली पायलट: अ‍ॅमी जॉन्सनची गोष्ट

सेकंड हँड बाईक घेतलेल्या कुणालाही विचारा. गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते, खरा खर्च नंतर सुरू होतो. ऑइल, प्लग, टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स. आता बाईकच्या जागी विमान ठेवा. स्वतःचं, छोटं, एका इंजिनाचं. हप्ता भरायलाच मारामार, त्यात मेकॅनिकचं बिल कोण भरणार?

अ‍ॅमी जॉन्सनने या प्रश्नावर सोपा (म्हणजे ऐकायला सोपा) उपाय काढला. ती स्वतःच मेकॅनिक झाली.

अ‍ॅमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावचा. घरचा धंदा मासळीचा. चार बहिणींत ही थोरली. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि लंडनला येऊन एका वकिलांच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून लागली. १९२८ साली स्टॅग लेन विमानतळावरच्या लंडन एअरोप्लेन क्लबमध्ये तिने नाव घातलं. विमान उडवणं तेव्हा बड्या घरच्या लोकांचा शौक होता, क्लबचे दर मात्र त्यातल्या त्यात परवडणारे. तरीही ऑफिसच्या पगारात तास मोजूनच उडावं लागायचं.

क्लबच्या हँगरमध्ये जॅक हम्फ्रीज नावाचे मुख्य इंजिनियर होते. अ‍ॅमी ऑफिसला जाण्याआधी सकाळी लवकर हँगरमध्ये हजर व्हायची, अंगात डगला घालून इंजिन उघडायला बसायची. सुरुवातीला लोकांना ते खूळ वाटलं. १९२९ च्या जुलैमध्ये तिला पायलटचं 'ए' लायसन्स मिळालं आणि डिसेंबरमध्ये ग्राउंड इंजिनियरचं 'सी' लायसन्स. हे दुसरं लायसन्स मिळवणारी ती पहिली ब्रिटिश महिला.

'सी' लायसन्स म्हणजे नेमकं काय?

विमान आणि बाईक यांच्यात एक मोठा फरक आहे. बाईकचा प्लग तुम्ही घरी बदला, कुणी विचारणार नाही. विमानाचं काम मात्र लायसन्स असलेल्या माणसाने तपासून, सही करून दिल्याशिवाय ते उडवता येत नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा या सह्यांची विभागणी होती: विमानाचा सांगाडा वेगळा, इंजिन वेगळं, रोजची तपासणी वेगळी आणि पूर्ण खोलून केलेलं ओव्हरहॉल वेगळं. 'सी' म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासून ते ठीक आहे असं लिहून देण्याचा अधिकार. आजही पद्धत साधारण अशीच आहे. आपल्याकडे डीजीसीए लायसन्स देतं आणि खासगी मालकाच्या चार आसनी विमानालाही ठरावीक मुदतीत तपासणी चुकत नाही.

खासगी विमानाचा खर्च दोन खिशांतून जातो. पहिला खिसा म्हणजे विमान उडो न उडो लागणारे पैसे: हँगरचं भाडं, इन्शुरन्स, वर्षाची तपासणी. दुसरा खिसा तासाचा: पेट्रोल, ऑइल आणि इंजिनाची झीज. या तिसऱ्या गोष्टीत नवखे मालक फसतात. इंजिन ठरावीक तासांनी पूर्ण खोलावं लागतं, त्यामुळे प्रत्येक तासामागे थोडे पैसे बाजूला टाकावे लागतात. समजा ओव्हरहॉलला २० लाख लागणार आणि ते २,००० तासांनी करायचं, तर आज एक तास उडालात की १,००० रुपये खर्च झाले. खिशातून अजून गेले नाहीत, एवढंच.

जेसन

अ‍ॅमीला ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडायचं होतं. तोवर तिच्या नावावर शंभर तासांचंही उड्डाण नव्हतं आणि इंग्लंडबाहेर ती कधी उडालेली नव्हती. विमान हवं होतं आणि पैसे नव्हते. नागरी विमान खात्याचे प्रमुख सेफ्टन ब्रँकर यांनी लॉर्ड वेकफील्ड यांच्याकडे शब्द टाकला. वेकफील्ड म्हणजे कॅस्ट्रॉल ऑइलवाले. (हे नाव आलंय कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपलं एरंडेल. त्यांच्या ऑइलमध्ये ते मिसळलेलं असायचं.) विमानाचे पैसे वेकफील्ड आणि अ‍ॅमीचे वडील यांनी मिळून उभे केले, शिवाय वाटेतल्या थांब्यांवर पेट्रोल आणि ऑइल ठेवायची जबाबदारी वेकफील्ड यांनी घेतली. आजच्या भाषेत स्पॉन्सरशिप.

६०० पौंडांत मिळालं ते डी हॅविलंड कंपनीचं जिप्सी मॉथ, जी-एएएएच. १९२८ चं मॉडेल, वापरलेलं, पण लांब पल्ल्यासाठी जादा टाक्या बसवलेलं. वडिलांच्या धंद्याचा ट्रेडमार्क होता जेसन, तेच नाव विमानाला दिलं.

सेकंड हँड घेताना अ‍ॅमीने मॉडेल मात्र अचूक निवडलं. जिप्सी मॉथचे पंख मागे दुमडता यायचे. ३० फुटांचा पसारा १० फुटांच्या आसपास यायचा, म्हणजे मोठ्या हँगरचं भाडं वाचलं, साधी शेडही चालते. सांगाडा लाकडी, पंखांवर कापड, म्हणजे सुतार आणि शिंपी मिळतील तिथे दुरुस्ती शक्य. इंजिन चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, साधारण १०० हॉर्सपॉवरचं. रेडिएटर नाही, त्यामुळे गळतीची भानगड नाही. तासाला वीसेक लिटर पेट्रोल आणि वेग ताशी १३५ किलोमीटरच्या घरात. अ‍ॅव्हरेज काढलंत तर लिटरला सहा-सात किलोमीटर पडतं. एखाद्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा फार वाईट नाही!

आणि टिकाऊपणा? कंपनीने उत्पादनातून सहज उचललेलं एक जिप्सी इंजिन सील करून ९ महिन्यांत ६०० तास उडवून दाखवलं होतं. मध्ये फक्त नेहमीची देखभाल. शेवटी खोलून पाहिलं तर झिजलेले भाग बदलायला सुमारे ७ पौंड लागले. ही जाहिरात होतीच, पण पोकळ नव्हती.

रोजचे तीन तास

५ मे १९३० च्या सकाळी क्रॉयडनहून ती निघाली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद. दिवसभर उघड्या कॉकपिटमध्ये बसायचं. जादा टाकीतलं पेट्रोल हातपंपाने वरच्या टाकीत चढवायचं, त्याच्या वासाने मळमळायचं. आणि उतरल्यावर झोप नाही, तर दुसरी शिफ्ट. प्लग काढून साफ करणं, ऑइल बदलणं, व्हॉल्व्हची फट तपासणं, पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून टाकीत भरणं. हे चामडं पाणी आणि कचरा अडवतं. टाकीत पाण्याचे चार थेंब जरी गेले तरी इंजिन हवेत अडखळतं, आणि हवेत गाडी बाजूला घेता येत नाही.

या कामात रोज तीनेक तास जायचे. रेकॉर्ड मोडायच्या घाईतही तिने ते टाळले नाहीत. माझ्या मते तिच्या सगळ्या प्रवासात कौतुक करावं असं हेच आहे. धाडस खूप जणांकडे असतं, पण थकून आल्यावर पाना हातात घेणं जमत नाही.

बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरायला लावलं. विमान वाऱ्याने उलटू नये म्हणून ते धरून बसावं लागलं. बगदादला उतरताना चाकांचा आधार मोडला, तो दुरुस्त करून पुढे. १० मे रोजी, सहाव्या दिवशी, कराची. भारतापर्यंतचा आधीचा बर्ट हिंकलर यांचा रेकॉर्ड दोन दिवसांनी मोडला होता. तोवर दुर्लक्ष करणारी वर्तमानपत्रं जागी झाली.

त्याच महिन्यात याच मार्गावर आपलीही पोरं होती. आगा खान यांनी एकट्याने भारत-इंग्लंड उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबूकीरला दोघांची गाठ पडली, तर अ‍ॅस्पी प्लगसाठी अडकलेला. टाटांनी आपल्याकडचे स्पेअर प्लग त्याला दिले आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस अ‍ॅस्पीने नेलं. काडेपेटीएवढा पार्ट, पण त्याच्यावाचून अख्खं विमान जमिनीवर.

झाशीचा सुतार, इनसेनचे शर्ट

कराचीहून अ‍ॅमीला अलाहाबाद गाठायचं होतं. समोरून वारा, पेट्रोल संपत आलेलं. ती उतरली झाशीला. हो, राणी लक्ष्मीबाईंचीच झाशी. लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरलेलं विमान थांबेना (त्या विमानांना ब्रेक नसायचे), सैनिकांची पळापळ करत ते बराकींच्या मध्ये जाऊन अडकलं आणि पंख मोडला. सुतार बोलावला. लाकूड सांधलं, कापड शिवलं आणि जेसन पुढे निघालं. आजच्या कार्बन फायबरच्या विमानाला झाशीतल्या सुताराकडून पंख जोडून घेता आला असता का, विचार करा.

कलकत्त्यानंतर ब्रह्मदेश. मुसळधार पावसात रंगूनचा रेसकोर्स सापडेना, म्हणून रंगूनजवळच्या इनसेनला टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या फुटबॉल मैदानावर ती उतरली आणि विमान थेट खड्ड्यात. प्रोपेलर तुटला, चाकांचा आधार गेला, पंखाच्या चिंध्या. प्रोपेलर तिने जादा आणला होता, विमानाच्या अंगाला बाहेरून बांधून! कापड कुठून आणायचं? पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे तिथे कुणीतरी शर्ट शिवले होते. ते उसवून पंखाला लावले. कापडाला ताण आणि कडकपणा यावा म्हणून वर 'डोप' नावाचं रोगण फासतात, साधारण नेलपेंटच्या जातीचं. तेही तिथेच बनवून घेतलं. इन्स्टिट्यूटची पोरं आणि मास्तर सगळे कामाला लागले. पण या दुरुस्तीत दिवस गेले आणि हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा ऑस्ट्रेलियाचा रेकॉर्ड तिथेच हातातून सुटला.

पुढे जावामध्ये उसाच्या मळ्याजवळ उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखाला भोकं पडली. त्यावर तिने जखमेला लावायच्या चिकटपट्ट्या लावल्या. आपण स्क्रीनगार्डला टेप लावतो तशा. २४ मे रोजी जेसन डार्विनला उतरलं. ११,००० मैल, साडेएकोणीस दिवस. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडणारी पहिली महिला.

पाच दिवसांनी ब्रिस्बेनला, थकलेल्या अ‍ॅमीच्या हातून विमान धावपट्टीच्या पुढे गेलं आणि उलटं झालं. तिला फार लागलं नाही, जेसनचं मात्र बरंच नुकसान झालं.

प्रसिद्धी आणि चुकीचं पेट्रोल

'डेली मेल'ने १०,००० पौंड दिले, त्याबदल्यात देशभर दौरा करायचा होता. गर्दी, भाषणं, हारतुरे यांनी ती इतकी खचली की दौरा अर्धवट सोडावा लागला. इंजिनाचं ऑइल रोज बदलणाऱ्या या बाईला स्वतःसाठी तेवढी सवड कुणी दिली नाही.

१९३१ मध्ये जुने गुरू हम्फ्रीज यांना सोबत घेऊन ती पुस मॉथने टोकियोला गेली. १९३२ मध्ये पायलट जिम मॉलिसनशी लग्न, त्याच वर्षी केपटाऊनचा रेकॉर्ड. लग्न १९३८ मध्ये मोडलं.

मधला एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. १९३४ च्या लंडन-मेलबर्न शर्यतीत हे दोघं डी हॅविलंड कॉमेट घेऊन उतरले. किंमत ५,००० पौंड, दोन इंजिनं, खास शर्यतीसाठी बांधलेलं. कराचीपर्यंत रेकॉर्ड वेळेत पोहोचले. मग वाट चुकली आणि जबलपूरला उतरावं लागलं. तिथे विमानाचं पेट्रोल नव्हतं, म्हणून बस कंपनीकडचं भरलं. कॉमेटची इंजिनं जास्त कॉम्प्रेशनची. अशा इंजिनात कमी ऑक्टेनचं पेट्रोल ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न बघता आपोआप पेटतं. बाईकमध्ये चढावर टकटक ऐकू येते ना, तेच नॉकिंग, पण इथे पूर्ण ताकदीवर तासन् तास. अलाहाबादला पोहोचेपर्यंत पिस्टन जळाले आणि शर्यत संपली. साधी जिप्सी मॉथ असती तर कदाचित निभावलं असतं. यंत्र जितकं महाग, तितके त्याचे खाण्यापिण्याचे नखरे जास्त.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर अ‍ॅमी एअर ट्रान्सपोर्ट ऑग्झिलरीत दाखल झाली. कारखान्यातून किंवा दुरुस्तीतून आलेली विमानं तळांवर पोहोचवायचं काम. ५ जानेवारी १९४१ रोजी एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. हवा खराब होती. ती रस्ता सोडून खूप दूर, टेम्स नदीच्या मुखाजवळ समुद्रावर पॅराशूटने उतरली. 'हेझलमिअर' या जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी तिला वाचवायला बर्फासारख्या पाण्यात उडी मारली. त्यात तेही गेले. अ‍ॅमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. ती ३७ वर्षांची होती.

जेसन दुरुस्त होऊन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलं. हिरव्या रंगाचं ते छोटं विमान आजही तिथल्या उड्डाण विभागात आहे.