जगदीशचंद्रांच्या लहरी आणि डोळ्यातले पाणी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना सकाळी उठल्यावर धूसर दिसते आणि दुपारपर्यंत नजर निवळते. अकोला-अमरावतीकडच्या अनेक घरांत ही तक्रार ओळखीची असेल. त्याचे एक कारण म्हणजे कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, साचलेले जादा पाणी.

जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्यात सुमारे ७८ टक्के पाणी असते. आतल्या थरातील पेशी जादा पाणी सतत उपसत असतात. त्या कमी पडल्या की पडदा फुगतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी उडून जात नाही, म्हणून त्रास सकाळी जास्त. डॉक्टर पडद्याची जाडी मोजून पाण्याचा अंदाज बांधतात. पण जाडी माणसागणिक वेगळी. थेट पाणीच मोजता यावे, यासाठी शास्त्रज्ञ ज्या लहरींकडे वळले आहेत, त्यांची वाट सव्वाशे वर्षांपूर्वी जगदीशचंद्र बोस यांनी दाखवली.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंगचा. वडिलांनी मुद्दाम बंगाली शाळेत घातले. केंब्रिजचे शिक्षण आटोपून १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून पगार युरोपियनांपेक्षा कमी ठरला. बोस यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, शिकवणे मात्र सोडले नाही. अखेर सरकार नमले आणि सगळी थकबाकी मिळाली.

प्रयोगाला जागा होती एक अडगळीची खोली. उपकरणे घडवायला मदतीला स्थानिक पत्र्याचा कारागीर. हर्ट्झच्या रेडिओ-लहरी लांबलचक होत्या. बोस यांनी त्या सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या, म्हणजे प्रकाशाप्रमाणे त्या टेबलावरच वळवता, परावर्तित करता येतील. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. शिशाच्या गॅलेना या खनिजाचा त्यांचा शोधक प्रकाशालाही प्रतिसाद देई. एका अर्थी तो कृत्रिम डोळाच. त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. पुढे ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले, १९१७ मध्ये बोस संशोधन संस्था उभारली आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे निवर्तले.

बोस यांच्या लहरींहून आणखी आखूड अशा टेराहर्ट्झ लहरी पाणी जोरात शोषते. त्या कॉर्नियावर सोडल्या, तर किती परत येतात हे त्यातल्या पाण्यावर ठरते. डोळ्याला हात लावायला नको आणि क्ष-किरणांसारखे रेणू फोडण्याइतकी ऊर्जाही त्यांत नाही. मात्र डोळ्याची गोलाई आणि हालचाल मोजणीत अडथळा आणतात. त्यामुळे हे तंत्र अजून संशोधनाच्याच टप्प्यावर आहे.

तोवर एवढे लक्षात ठेवावे: शस्त्रक्रियेनंतर सकाळचे धुके हटत नसेल, तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना सांगा. दुखणे, लाली किंवा अचानक कमी दिसणे असेल, तर त्याच दिवशी गाठा.