लिनक्समध्ये एक सॉफ्टवेअर मागितलं की सोबत दहा का येतात? उत्तर इयान मर्डॉकच्या गोष्टीत आहे

समजा गुरुकुंज मोझरीतल्या एका पोराने जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकलं. सिनेमा बघायचा म्हणून व्हीएलसी इन्स्टॉल करायची कमांड दिली. मागितलं एक, पण स्क्रीनवर भलतीच लांब यादी आली. ही सगळी पॅकेजेस पण लागतील, घेऊ का, असं लॅपटॉप विचारतोय. पोराने 'वाय' दाबलं आणि पाच मिनिटांत सिनेमा सुरू.

ती यादी कुठून आली हे कोणी विचारत नाही. तिची सुरुवात वीस वर्षांच्या एका कॉलेजच्या पोराने केली होती.

इयान मर्डॉकचा जन्म २८ एप्रिल १९७३ चा, जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ गावातला. आईवडील अमेरिकन. वडील कीटकशास्त्रज्ञ, इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक. चवळीला भुंगा लागू नये म्हणून हवाबंद तिहेरी पिशव्यांची पद्धत ज्यांनी आणली, त्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. पोरगा मात्र कॉम्प्युटरकडे वळला आणि पर्ड्यूमध्येच शिकला.

तेव्हा लिनक्स जेमतेम दोन वर्षांचं होतं. लिनस टोरवाल्ड्सने लिहिला तो फक्त गाभा, बाकीचं सामान इकडून तिकडून गोळा करावं लागायचं. ते एकत्र बांधून देणाऱ्या संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. मर्डॉक एसएलएस नावाचा संच वापरत होता आणि त्यातल्या चुकांनी वैतागला होता. शेवटी १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने स्वतःचा संच जाहीर केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचं इयान, ही दोन नावं जोडून झालं डेबियन. पुढे दोघांचं लग्नही झालं.

पण हे एकट्याचं काम नव्हतं. त्याने जगभरच्या लोकांना हाक दिली आणि लोक फुकटात राबायला आले. १९३५ साली तुकडोजी महाराजांचा आश्रम जिथे सुरू झाला, त्या मोझरीत श्रमदान म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण तिथे माणसं एकमेकांना दिसतात. इथे एकमेकांना कधीही न भेटलेले लोक एकाच मशीनचे वेगवेगळे भाग बनवत होते. ते जुळणार कसे?

यावर उत्तर होतं पॅकेज. प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात भरायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची: मला कोण लागतं, कोणत्या व्हर्जनचं लागतं आणि कोणासोबत माझं जमत नाही.

आपल्याकडच्या रोडग्यांचं बघा. रोडगे म्हटले की गोवऱ्या आल्या, कणीक आली. ही झाली डिपेंडन्सी. आता चूल एकच आहे आणि त्याच वेळी कोणाला तिच्यावर पुऱ्या तळायच्या आहेत. रोडग्यांना निखारे हवेत, पुऱ्यांना जाळ. हा झाला कॉन्फ्लिक्ट. दोन प्रोग्रॅमना एकाच लायब्ररीची दोन वेगळी व्हर्जन हवी असली की हेच होतं.

जानेवारी १९९४ मध्ये मर्डॉकने या डब्यांसाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली. तेच डीपीकेजी. सगळं श्रेय मात्र त्याला देऊन चालणार नाही. दुसऱ्यांनी ते नव्याने लिहिलं, सी भाषेतलं रूप इयान जॅक्सन या दुसऱ्या इयानचं. तरीही डीपीकेजी फक्त अमुक वस्तू नाही एवढं सांगून थांबायचं. ती शोधून आणली की ती म्हणायची, मला आणखी तमुक हवं. लोक याला 'डिपेंडन्सी हेल' म्हणायचे ते उगाच नाही. अख्खी साखळी स्वतः जुळवून डाउनलोड करणारं ॲप्ट डेबियनमध्ये १९९९ साली आलं. तोवर, म्हणजे मार्च १९९६ मध्येच, मर्डॉकने नेतृत्व सोडलं होतं.

ॲप्टलाही प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. गणिताच्या दृष्टीने हा प्रश्न सुडोकूच्या जातीचा आहे, डबे वाढले की शक्यता अफाट वाढतात. आपण मात्र त्यात स्वतःची भर घालतो. दुसऱ्याच व्हर्जनसाठी बनलेली रेपॉझिटरी कुठल्या तरी व्हिडिओत बघून जोडतो आणि मग 'ब्रोकन पॅकेजेस' दिसलं की लिनक्सला शिव्या घालतो. असं झालं तर आधी ती उपरी रेपॉझिटरी काढा, यादी अपडेट करा, मग ॲप्टचा 'फिक्स ब्रोकन' पर्याय चालवा. तो काय काय काढून टाकणार आहे ते वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.

मर्डॉकने पुढे प्रोजेनी नावाची कंपनी काढली, ती २००७ मध्ये बंद पडली. मग तो सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेला आणि सोलारिसला लिनक्ससारखी पॅकेज व्यवस्था देण्यामागे लागला. २०१५ च्या अखेरीस तो डॉकरमध्ये रुजू झाला. गंमत म्हणजे डॉकर हे भांडण सोडवतच नाही, प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची चूल देऊन वेगळं बसवतं.

तिथे त्याला फार दिवस मिळाले नाहीत. २८ डिसेंबर २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो गेला, वय अवघं ४२. त्याआधी ट्विटरवर त्याने पोलिसांबद्दल अस्वस्थ करणारं लिहिलं होतं, त्यामुळे तर्कवितर्क बरेच झाले. शवविच्छेदन अहवालात आत्महत्येची नोंद आहे.

२०१७ मध्ये आलेलं डेबियन ९ त्याला अर्पण केलं गेलं. उबंटू डेबियनवरच उभं आहे आणि सी-डॅकचं भारतीय बॉस लिनक्ससुद्धा. डेबियन टाकायला घेतलं की सुरुवातीला भाषांची यादी येते, तिच्यात मराठीही आहे. तेही भाषांतर स्वयंसेवकांनीच केलेलं.