शेळ्यांच्या रक्तात पॉल एर्लिखला शरीराचा ब्रेक सापडला, पण जगाने त्याचा अर्थ भलताच लावला

जर्मनीच्या २०० मार्कांच्या जुन्या नोटेवर एका दाढीवाल्या शास्त्रज्ञाचं चित्र असायचं. त्याचं नाव पॉल एर्लिख. सिफिलिसवरचं साल्व्हरसान हे औषध त्याच्याच प्रयोगशाळेतून आलं. पण त्याआधी त्याने एक वेगळाच प्रश्न हातात घेतला होता. जंतूंना मारणारं शरीर स्वतःलाच का मारत नाही?

एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ चा, प्रशियातल्या श्ट्रेलेन गावातल्या ज्यू कुटुंबातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. मेडिकलला असतानाच त्याला रंगांचं वेड लागलं. कोणता रंग कोणत्या पेशीला चिकटतो, याचाच त्याला ध्यास. पुढे टीबी झाला, हवापालटासाठी इजिप्तला जावं लागलं. बरा होऊन परतल्यावर त्याने घटसर्पाच्या औषधावर काम केलं.

१८९७ मध्ये त्याने एक सिद्धांत मांडला. पेशींवर कुलपासारख्या जागा असतात. विष तिथे किल्लीसारखं बसलं की पेशी तशाच आणखी जागा बनवून रक्तात सोडते. त्याच अँटीबॉडी.

आता खरी गंमत. १९०० च्या सुमारास त्याने आणि सहकारी मॉर्गेनरॉथने एका शेळीचं रक्त दुसऱ्या शेळीला टोचलं. दुसरीच्या शरीरात परक्या रक्तपेशी फोडणाऱ्या अँटीबॉडी तयार झाल्या. पण त्या तिच्या स्वतःच्या रक्तपेशींना हात लावत नव्हत्या!

एर्लिखने याला लॅटिन नाव दिलं, हॉरर ऑटोटॉक्सिकस. म्हणजे स्वतःलाच विष देण्याची धास्ती. शरीरात असा हल्ला रोखणारी काहीतरी व्यवस्था असणार आणि ती बिघडली तर आजार होऊ शकतो, असं त्याचं म्हणणं होतं.

लोकांनी मात्र अर्थ घेतला की असा हल्ला होऊच शकत नाही. १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी एक आजार दाखवला. त्यात थंडी लागली की रुग्णाच्याच अँटीबॉडी त्याच्या रक्तपेशी फोडत होत्या. तरीही पुढची कित्येक वर्षं बहुतेक डॉक्टर स्वतःवर उलटणाऱ्या अँटीबॉडींना आजाराचं कारण मानायला तयार नव्हते. चित्र बदललं ते १९५० नंतर.

एर्लिखला १९०८ चं नोबेल मेचनिकॉफसोबत मिळालं. २० ऑगस्ट १९१५ ला तो गेला. त्याचा तो ब्रेक नेमका कसा चालतो, हे पुढच्या पिढ्यांनी शोधलं.

अँटीबॉडी बनतात त्या बी सेलपासून आणि बी सेल तयार होतात बोन मॅरोमध्ये. तिथे नव्याने बनणाऱ्या बी सेलपैकी निम्म्याहून जास्त स्वतःच्याच शरीराला चिकटू शकतात, असं २००३ च्या संशोधनात दिसलं. अशा पेशीला आधी आपलं कुलूप बदलायची संधी मिळते. नाही जमलं तर ती मरते. काही पेशी जिवंत राहतात, पण बधिर होऊन. त्यातूनही कुणी निसटलीच तर तिला बहुतेक वेळा टी सेलची मदत लागते आणि ती सहसा मिळत नाही.

हे सगळे ब्रेक फेल झाले की ल्युपससारखे आजार होतात. एर्लिखने सांगितलं होतं ते हेच. म्हणूनच आज रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या काही रुग्णांना बी सेलच कमी करणारं रिटुक्सिमॅब हे औषध दिलं जातं.