ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासह काम करताना त्यांनी मुलांना मारणे, धाक दाखवणे व आमिष देणे यांना विरोध केला. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

१९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. त्याच वर्षी तलासरीजवळील झरी येथे गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध संघटित झाले. या पिळवणुकीत वारली मुलांचे बालपणही हरवत असे. ती गुरे राखत आणि धाकटी भावंडे सांभाळत. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेनेच त्याच्या दारी जावे, या भूमिकेतून ताराबाईंनी वस्तीतच अंगणवाडी भरवली.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आल्या, तर गुराखी मुलांसाठी कुरणशाळा चालवली गेली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण प्रदान करण्यात आले. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.